परत न आलेले तीन मेल

सव्वाबाराला शिकवणीवाल्या बाई तक्रारीच्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्यामुळे माझी मुलगी गेली."

टेबलामागे कात्री बसली होती. बारा वर्षं ती या इंटरनेट कंपनीच्या तक्रारी घेत होती. गिऱ्हाईक दुसऱ्या वाक्यावर आलं की ती त्याचं बोलणं कापायची, म्हणून हे नाव. आज तिने कापलं नाही. हातातला फोन पलीकडच्या गिऱ्हाइकासकट खाली ठेवला आणि खुर्ची पुढे सरकवली.

मुलगी मेली नव्हती. कोर्टाने ती बापाला दिली होती. सहा वर्षांची पोर. सुनावणीला आई हजर नव्हती आणि बाप वकील घेऊन हजर होता, मग निकाल काय लागणार? आई हजर नव्हती, कारण तारखेचा मेल तिला मिळालाच नाही. पोर शनिवार-रविवार बापाकडे गेली ती परत आली नाही, आणि काल बापाने निकालाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, आम्ही देश सोडतोय, शुक्रवारी.

आज गुरुवार होता.

कोर्टातल्या कारकुनाने बाईंना त्याच्या मशीनवर दाखवलं होतं: तारखेचा मेल, मग आठवणीचा, मग निकालाचा. तिन्ही गेले होते, एकही परत आला नव्हता. चार वाजायच्या आत कंपनीने लेखी दिलं, की मेल कुणाकडे गेले, तर जज निकालाला स्थगिती देतील. 'बिघाड होता' एवढं लिहून चालणार नव्हतं. तसले कागद रोज दहा येतात म्हणे.

कात्रीच्या डोक्यावर गिऱ्हाइकांच्या लाइनींचा बोर्ड होता. सगळे दिवे हिरवे. एकच लाल: गोदाम, अकरा वाजल्यापासून. तो तिने उद्याच्या कामांत टाकून दिला होता. उंदरांनी केबल खाल्ली असणार, दुसरं काय.

कंपनी कसली, टायरच्या दुकानावर चार खोल्या. जिन्यात रबराचा वास आणि आतल्या खोलीत काचेच्या कपाटात लिनक्सवर चालणारं एक मशीन, ज्यात नऊ हजार लोकांच्या मेलपेट्या. ते मशीन सांभाळायचे एक अठ्ठावन्न वर्षांचे काका. सगळे त्यांना पोस्टमास्तर म्हणायचे. महिन्याभरापूर्वी त्यांनी मेलचं जुनं सॉफ्टवेअर काढून नवं बसवलं होतं. जुन्याला भोकं पडली होती, रोज हजार फालतू मेल आत घुसत होते.

त्यावरून ऑफिसात रणकंदन झालं होतं. काकांच्या हाताखाली एक चोवीस वर्षांचा इंजिनिअर होता, रॉकेट. बोलतो तसाच चालतो, धूर सोडत. त्याला तिसरंच काहीतरी बसवायचं होतं, बटणं-बिटणं असलेलं, झगमगीत. मालकांनी काकांचं ऐकलं, पण महिनाभर बघू म्हणाले. तोपर्यंत नवी नावं जोडायची नाहीत, काही बदलायचं नाही. महिना उद्या संपत होता. सॉफ्टवेअर नापास झालं तर काका घरी, आणि कपाटाची किल्ली रॉकेटकडे.

बाईंची गोष्ट मालकांच्या कानावर गेली आणि वड्याचं तेल वांग्यावर निघालं. काय झालं हे कुणी विचारलंच नाही. मशीनच्या मुख्य पासवर्डचं सीलबंद पाकीट कात्रीच्या ड्रॉवरमध्ये असायचं. सील धड होतं, ते मालकांनी तिच्यासमोर फाडलं. काकांचं लॉगिन बंद करायला सांगितलं. रॉकेटने ते एका मिनिटात केलं आणि वर म्हणाला, "काका, मी तेव्हाच सांगितलं होतं."

काका खुर्चीत बसून राहिले. तोंडात मारल्यासारखे.

कात्री त्यांच्याजवळ गेली. तिला मेलचं शास्त्र येत नव्हतं, पण खोटं बोलणारा माणूस तिला फोनवरून कळायचा.

"काका, मेल हरवतो का?"

"नाही."

"नक्की?"

"मेल एक तर पोचतो, नाहीतर परत येतो. समोरचं मशीन बंद असेल तर आपलं मशीन पाच दिवस दार ठोठावतं. मग पाठवणाऱ्याकडे परत. मधल्यामध्ये गडप होत नाही."

"म्हणजे हे तीन पोचले."

काका हळूच म्हणाले, "कुणाला तरी पोचले."

आता बाईंची एक भानगड होती, ती कात्रीला माहीत होती, कारण अर्ज तिनेच घेतला होता. नवऱ्याला बाईंचा जुना पत्ता पाठ. म्हणून त्यांनी कोर्टाच्या कामापुरता दुसरा पत्ता मागून घेतला होता. दुसरी पेटी नव्हे, दुसरं नाव फक्त. त्या नावावर आलेलं बाईंच्या पेटीत पडायचं. कुठलं नाव कुठल्या पेटीत जातं, ते सगळं एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं. कोर्टाचे आधीचे मेल नीट आले होते. सॉफ्टवेअर बदललं त्या सोमवारपासून एकही नाही.

जुने मेल कुठे गेले ते मशीनच्या नोंदीत दिसलं असतं, पण नोंदी सात दिवसच राहायच्या, आणि शेवटचा मेल नऊ दिवसांपूर्वीचा.

तिने रॉकेटकडे फाइलचा प्रिंट मागितला. त्याने हसत काढून दिला. बाईंचं नाव, पुढे बाईंची पेटी. अगदी बरोबर.

"बघ ताई. फाइल ठीक, सॉफ्टवेअर बेकार," तो म्हणाला. "आणि शोध घ्यायचाच असेल तर मालकांना विचार. बाईंचा नवरा आपलं मोठं गिऱ्हाईक आहे. ती गोदामाची लाइन त्याचीच."

हे त्याने इतक्या सहज सांगितलं की कात्रीला आधी मालकांचाच संशय आला. ती तशीच तणतणत त्यांच्या केबिनपर्यंत गेली. दारावर टकटक करायला हात उचलला आणि प्रिंटच्या वरच्या कोपऱ्यात नजर पडली. तिथे बारीक अक्षरात फाइल शेवटची बदलल्याची तारीख होती. गेल्या आठवड्यातला बुधवार.

ती दारातून परत फिरली आणि काचेच्या कपाटासमोर जाऊन उभी राहिली. त्यावर काकांनी स्केचपेनने लिहून चिकटवलेला कागद होता. महिनाभर ती येता-जाता तो वाचत होती. 'नाव बदललं तर यादी पुन्हा बांधा. नाहीतर बदललेलं नाव फक्त तुम्हाला दिसेल, मशीनला नाही.'

तिने काकांना अजून एक प्रश्न विचारला. मग मालकांना म्हणाली, सगळ्यांना बोलवा, बाईंनाही. तीन वाजले होते.

मालकांचा एक नियम होता. मीटिंगमध्ये प्रत्येकाचा फोन टेबलाच्या मधोमध, तोंड वर करून. कुणी मांडीवर ठेवून खाजवत बसलेलं त्यांना खपायचं नाही. चार फोन ओळीत पडले. कात्रीने आपला हातात ठेवला. मालकांनी भुवई उंचावली. ती म्हणाली, मला एक मेल पाठवायचाय.

"आधी ह्याला विचारते," ती रॉकेटकडे वळली. "फाइल शेवटची कधी बदलली?"

"मला काय माहीत?"

"प्रिंटवर आहे. वाच."

त्याने वाचलं. "बुधवार. मग?"

"महिनाभर कुणी काही बदलायचं नव्हतं. बरं, ते राहू दे. यादी कधी बांधली?"

"कुठली यादी?"

"कपाटावर लिहिलीय ती."

"ताई, फाइल म्हणजेच यादी. नाव बदललं, सेव्ह केलं, संपलं. इतकी वर्षं तसंच चालतंय."

काकांनी मान वर केली. मालक इतका वेळ पेनाशी खेळत होते, ते थांबले. काकांनी नवं सॉफ्टवेअर शिकवलं त्या तीन दिवसांत मालकसुद्धा वही घेऊन बसले होते. एकटा रॉकेट कानात हेडफोन घालून खिडकीत बसला होता. असल्या भंगाराला मी हात लावणार नाही, म्हणाला होता.

कात्रीने फोनवर दोन ओळी टाइप केल्या. पत्ता: बाईंचं कोर्टापुरतं नाव. आणि पाठवला.

तीन फोन गप्प पडून होते. बाईंचाही. चौथा थरथरला, टेबलावर बोटभर सरकला आणि त्याचा पडदा उजळला. सगळ्यांना वाचता आलं.

'हा मेल ज्याच्या फोनवर वाजेल, तोच चोर.'

फोन रॉकेटचा होता.

त्याने हात पुढे केला. मालकांनी फोनवर पंजा ठेवला.

"सांगते," कात्री म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला होता. "जुनं सॉफ्टवेअर फाइल थेट वाचायचं. ते काढायच्या आदल्या दिवशी ह्याने बाईंच्या नावापुढची पेटी बदलली. तिथे स्वतःची टाकली, चाचणीसाठी उघडून ठेवलेली. सोमवारी काकांनी नऊ हजार लोकांची फाइल जशीच्या तशी उचलली आणि यादी बांधली. म्हणजे ह्याची चोरी काकांच्या हाताने पक्की झाली. नव्या सॉफ्टवेअरला ह्याने शिवायचीही गरज नव्हती."

"आणि बुधवार?" मालकांनी विचारलं.

"मंगळवारी निकाल लागला, निकालाचा मेल ह्याच्याकडे आला. बुधवारी ह्याने फाइल गुपचूप नीट केली. आता फाइल स्वच्छ, मेल गायब, दोष सॉफ्टवेअरचा. पण नवं सॉफ्टवेअर फाइल वाचत नाही, बांधलेली यादी वाचतं. यादी त्या सोमवारचीच आहे, मघाशी काकांना विचारून घेतलंय. काकांनी केलं असतं तर बदलून झाल्या झाल्या त्यांनी ती बांधली असती, झोपेतसुद्धा. साहेब, तुमचा पासवर्ड आज दुपारपर्यंत सीलबंद होता. राहिला हा. ज्या सॉफ्टवेअरला नावं ठेवली, तेवढंच शिकला नाही."

रॉकेटचा धूर संपला होता. तो पुटपुटला, की एखादा फालतू मेल चुकेल, बाई तक्रार करतील, इतकंच त्याच्या डोक्यात होतं. कमी मेल येणारं नाव शोधलं, हे सापडलं. बाईंशी त्याचं काही वैर नव्हतं.

मीटिंगमध्ये बाई पहिल्यांदाच बोलल्या. "तारखेचा मेल तुम्ही उघडला होता?"

मालकांनी फोन बाईंकडे सरकवला. तिन्ही मेल होते, तिन्ही वाचलेले. तारखेचा तर आला त्याच मिनिटाला.

"मग मला का नाही दिला? वेळ होता. अकरा दिवस होते."

रॉकेट खाली बघून म्हणाला, "छोट्या तक्रारीवर साहेब सॉफ्टवेअर बदलत नाहीत."

खालच्या दुकानात कुणीतरी टायरवर हातोडा मारत होतं. बाईंनी फोन उचलला, तिन्ही मेल पुन्हा एकदा नीट वाचले, जसे काही आत्ताच आले होते.

मालकांनी पत्र स्वतः टाइप केलं आणि सही केली. कात्री स्कूटर दामटत बाईंना कोर्टात घेऊन गेली. कारकुनाने घड्याळ बघितलं, चारला दहा कमी. पत्र आत गेलं आणि शिक्का मारून बाहेर आलं. निकालाला स्थगिती. बाईंनी कात्रीचा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

मग त्यांनी नवऱ्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

"गोदामावर जाऊ," बाई म्हणाल्या. "तो दिवसभर तिथेच असतो. मुलीलाही तिथेच बसवतो."

कात्री स्कूटरची किल्ली फिरवणार होती. तिचा हात तिथेच राहिला.

गोदाम. अकरा वाजल्यापासून लाल.

गोदामाला कुलूप होतं. शेजारच्या गॅरेजवाल्याने सांगितलं, साहेबांनी सकाळी सगळी मशीनं बंद करून खटारा भरला. दोन बॅगा आणि पोर. विमान दुपारचं होतं. शुक्रवार काय तो बाईंना सांगायला होता.

बाई सव्वाबाराला टेबलासमोर आल्या तेव्हा सव्वा तास झाला होता तो दिवा लागून. कात्रीने डोकं वर करून बघितलंही होतं. आणि उंदरांवर ढकललं होतं.

ऑफिसात परत आल्यावर बाईंनी एकच मागणं केलं, मुलीला चार ओळी लिहायच्या आहेत. पत्ता बापाचा होता, गोदामातल्या मशीनवरचा. दुसरा त्यांच्याकडे नव्हता. काकांनी आपली खुर्ची त्यांना दिली. लॉगिन परत मिळालं होतं, नोकरीही राहिली होती, पण चेहऱ्यावर त्यातलं काही नव्हतं.

बाईंनी मेल पाठवला आणि विचारलं, "पोचेल ना?"

काकांनी कात्रीकडे बघितलं. कात्री बोर्डकडे बघत होती.

"मशीन पाच दिवस दार ठोठावेल," काका म्हणाले.

मंगळवारी संध्याकाळी मेल परत आला.