नणंदेच्या आवाजात

फोन कानाशी धरून सूनबाई माडीवरच्या अडगळीच्या खोलीत उभी होती, आणि खालच्या खोलीतून सासूबाई तिचीच तक्रार तिलाच सांगत होत्या... "तुझ्या वहिनीला माहेरी धाड, असं मी आज तुझ्या भावाला सांगणार आहे. घरात माणूस आहे की भिंत, कळत नाही. तोंडातून शब्द फुटेल तर शपथ!"

"तसं नको करू गं, आई," ती म्हणाली. म्हणजे नणंद म्हणाली.

नणंद दूरच्या शहरात अपघातात गेली, त्याच आठवड्यात सासूबाईंच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टरांनी बजावलं, आता धक्का नको. नवऱ्याने बायकोपुढे हात जोडले... तू डबिंग करतेस, कुणाचाही आवाज काढतेस, काही दिवसांपुरती तिची हो! त्या काही दिवसांचं वर्ष झालं; भेटायला ये म्हटलं, की 'रजा मिळत नाही' ही सबब ठरलेली. डोळे गेलेल्या सासूबाई उपचारांसाठी याच घरात राहायला आल्या, आणि त्यांचे कान असे तिखट, की सूनबाई चार वाक्यं सलग बोलली असती तर दोन आवाजांमागचं एक माणूस त्यांनी तिथल्या तिथे ओळखलं असतं. म्हणून तिने घरात तोंड मिटलं ते मिटलंच. "हो", "नाही", "जेवायला चला", एवढ्यावर संसार चालला. जिच्या बडबडीने माहेरच्यांचे कान किटायचे, ती पोर सासरी घुमी ठरली.

सासूबाईंनी जन्मभर कॉलेजात जुनं साहित्य शिकवलं होतं. लेकीशी वाद घालायला त्यांना रोज एकच विषय लागे, एका जुन्या महाकाव्यातली राणी. युद्धावरून परतलेला राजा भर दरबारात तिला विचारतो, "तू कोण?", आणि राणी उत्तरच देत नाही. सासूबाई म्हणत, ते मौन क्षमेचं. लेक म्हणे, संतापाचं. ज्याने ओळखलं नाही त्याला नाव तरी कशाला सांगायचं? मायलेकींचं हे भांडण फार जुनं होतं, आणि सूनबाईने नणंदेची बाजू घोकून ठेवली होती.

आज मात्र काहीतरी बिनसलं होतं. फोनवर सासूबाईंचा श्वास जड येत होता, दाराबाहेर नवरा येरझाऱ्या घालत होता, आणि बोलणं वहिनीवरून राणीवर कधी घसरलं ते कळलंच नाही.

"मुकाट बसणारी बाई मनात काहीतरी शिजवत असते," सासूबाई म्हणाल्या. "तुझी राणी तशी, नि तुझी वहिनीही तशीच."

सूनबाईच्या ओठांवर घोकलेलं उत्तर तयार होतं... बाहेर पडलं ते भलतंच!

"राणी रागावलेली नाही, आई. तिने नाव सांगितलं, तर त्या दरबारात कुणाचा तरी जीव जाईल, म्हणून ती गप्प आहे. तिला बोलायचंय गं... फार बोलायचंय."

पलीकडे फोन बंद झाला. मग जिन्यावर काठी वाजली... आजवर कधी न चढलेला तो जिना सासूबाई एकट्या चढत होत्या! नवरा धावला, पण त्यांनी त्याला हाताने बाजूला सारलं. दारात त्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांची छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"आवाज हुबेहूब काढलास," त्या म्हणाल्या. "पण राणीचा असा अर्थ माझ्या लेकीने लावला नसता. ती दुसऱ्यासाठी गप्प बसणारी नव्हती; तशी या घरात एकच आहे. कधी गेली ती?"

अखेर सूनबाईनेच सगळं सांगितलं, स्वतःच्या आवाजात... तो अपघात, तो घाईघाईचा अंत्यविधी, डॉक्टरांची ताकीद. सांगताना तिची नजर सासूबाईंच्या छातीवर खिळली होती. आता कोसळतील, मग कोसळतील... सासूबाई अडगळीतल्या एका खोक्यावर बसल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी चाचपडत सुनेचा हात धरला.

"म्हणजे मी तुझ्याविषयी जे जे ओकत होते, ते तूच ऐकत होतीस?"

"हो."

"आणि एकदाही फोन ठेवला नाहीस?"

"कसा ठेवणार, आई? तुम्ही लेकीशी बोलत होता."