डावीकडची जागा

दार लोटून घ्या रे, वारा येतोय. आणि मधेच खिदळायचं नाही. हे आमच्या शेजारच्या शिंप्याच्या घरात घडलंय. त्याच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, मला स्वतः सांगितलं. शेवटचं तर मी पाहिलंच.

शिंप्याच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. जीव वाचला, पण डावी बाजू त्याच्या लेखी उरलीच नाही. डोळे धड, तरी डावीकडचं कळायचं नाही. दाढी अर्धीच करायचा. ताटातला उजवीकडचा भात संपवून "वाढ की अजून!" म्हणून ओरडायचा. वहिनी नुसतं ताट फिरवायच्या, की गडी पुन्हा जेवायला लागायचा. दिवसभर हाका. वहिनी अगदी मेटाकुटीला आल्या होत्या. मग त्यांनी युक्ती काढली. पलंगाच्या डावीकडे, भिंतीशी बाक होतं, तिथं गुपचूप बसायच्या. तिथं त्या त्याला दिसायच्याच नाहीत. तेवढीच विश्रांती.

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. वहिनी औषधं घेऊन आल्या, त्याला वाढलं. त्यानं उजवीकडचं अर्धं खाल्लं. ताट फिरवायचंसुद्धा त्राण नव्हतं त्यांच्यात. तसंच टेबलावर झाकून ठेवलं, दिवा घालवला आणि बाकावर टेकल्या.

साडेबाराला तो म्हणाला, "जरा सरकून बस. तिला जागा दे."

वहिनी दचकल्या. इथं आपण आहोत हे याला कळलं कसं? मान तर उजवीकडेच होती.

"कोणाला हो?"

"तुझ्या शेजारी... डावीकडे."

डावीकडे! आजारपणानंतर हा शब्द त्याच्या तोंडी कधी आलाच नव्हता.

"काय... काय करतेय ती?"

"बसलीय. दमलीय म्हणते." मग हळूच म्हणाला, "म्हणते, इथं कोणी बघत नाही... बरं वाटतं."

बाक करकरलं.

वहिनी हलल्या नाहीत.

मग टेबलावर झाकण वाजलं. एकदाच.

त्यांनी डोळे गच्च मिटले. उजाडेपर्यंत उघडले नाहीत.

आता त्या तिथं बसत नाहीत. बिचारीला टेकायला घरात तेवढी एकच जागा होती, तीही गेली. मला फार वाईट वाटतं रे.

त्या सकाळी मला बोलावलं. "भाऊजी, ते झाकण तुम्हीच उचला. माझ्यानं होत नाही."

उचललं. भात होता तेवढाच होता. शीतही कमी नाही. पण तो आता उजवीकडे होता.

ताट कोणीतरी फिरवून ठेवलं होतं.