चरीत अडलेला थेंब

थेंब जागचा हलत नव्हता.

आबांनी भिंग डोळ्याला लावलं. काचेच्या पट्टीवर केसाएवढी बारीक चर कोरलेली होती. तिच्या तोंडाशी रक्ताऐवजी चाचणीला घेतलेल्या रंगीत मीठपाण्याचा थेंब गोल, फुगून बसला होता. काल अशाच पट्टीला टेकवताच तो आत धावला होता. आज ही तिसरी पट्टी, पण थेंब आत शिरायला तयार नाही.

"पट्ट्या त्याच, पाणी तेच. मग बिघडलं कुठे?" आबा स्वतःशीच म्हणाले.

त्यांची अकरा वर्षांची नात शाल्मली शेजारीच उभी होती.

दारात उपकेंद्राच्या परिचारिका सुगंधाताई आल्या. "काका, मंजुळाताईंचा ताप एकशे तीनच्या खाली येत नाही. मला काहीतरी सांगा. कोणतं औषध सुरू करू?"

मंजुळाकाकी शेजारच्या घरात तीन दिवस तापाने पडून होत्या. २०४४ सालच्या त्या पावसाळ्यात नांदवलीच्या खोऱ्यात दोन ताप पसरले होते. बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसायचे. पण एकावरचं औषध दुसऱ्यात दिलं तर रोग्याच्या जिवावर बेतायचं. कोणता ताप आहे ते रक्त तपासल्यावरच कळे. घाटात दरड पडली होती, आणि एरवी रक्ताच्या नळ्या शहरात नेणारं ड्रोन वाऱ्यामुळे दोन दिवस उडालंच नव्हतं.

राहता राहिल्या थेंबभर रक्तावरून ताप ओळखणाऱ्या आबांच्या बारा पट्ट्या. आबा काचेचे रसायनशास्त्रज्ञ. दोन वर्षांपूर्वी अशाच तापाने शाल्मलीची आजी गेली. तिच्या रक्ताचा अहवाल आला त्या दिवशी तिचा दहावा होता. तेव्हापासून आबा या पट्ट्यांच्या मागे लागले होते, आणि तेव्हापासून आजोबा-नातीचं जेवण मंजुळाकाकींच्या घरून येत होतं.

"अर्धा तास द्या," आबा म्हणाले. सुगंधाताई परत गेल्या.

"आबा, यात पंप नाही, वीज नाही. मग पाणी आत जातंच कसं?" शाल्मलीने विचारलं.

"बरं विचारलंस. पहिल्यापासून बोलू, म्हणजे चूकही सापडेल." आबांनी खिडकीच्या तावदानावर बोट ठेवलं. "स्वच्छ काच जलस्नेही असते (म्हणजे पाण्याला जवळ करणारी). तिच्यावर पाणी पसरतं. मेण जलविरोधी (पाण्याला दूर ठेवणारं). त्याच्यावर पाण्याची गोळी होते. आता विचार कर, काचेची चर अगदी अरुंद आहे. पाण्याला दोन्हीकडून भिंती ओढतायत. पाणी ओल्या भिंतीला धरून पुढच्या कोरड्या भिंतीला चिकटतं, तिथून त्याच्या पुढच्या. असं ते आपलं आपणच आत जातं. याला केशाकर्षण म्हणतात (केसासारख्या बारीक जागेत द्रव ओढला जाणं)."

"मग काल ते मध्येच थांबलं होतं, ते कसं?"

"चरीत एके ठिकाणी मी जलविरोधी लेपाचा आडवा पट्टा दिलाय. तिथे भिंत ओढत नाही, म्हणून रक्त थांबतं. थांबलेलं असताना वरच्या झाकणाला आतून लावलेलं तपासणीचं रसायन त्यात विरघळतं. मग झाकणावरचा फुगा बोटाने दाबायचा. त्या दाबाने रक्त पट्टा ओलांडून पुढच्या दोन खिडक्यांकडे जातं. एकेका तापाची एक खिडकी. जी निळी होईल, तो ताप. ही झडपच आहे (वाट उघडणारं-बंद करणारं दार). फक्त हिच्यात हलणारं काही नाही."

शाल्मली त्या फुगीर थेंबाकडे बघत राहिली. "म्हणजे आज अख्खी चरच जलविरोधी झाली?"

"दिसतंय तसं. पण कशाने?"

शाल्मली म्हणाली, "आबा... सकाळी पट्ट्यांवर धूळ दिसली. मी पुसल्या. सगळ्या."

"कशाने पुसल्यास?"

ती देवघरातून फडकं घेऊन आली. आजीच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा होता तो. आजी त्याने समई पुसायची, आता शाल्मली पुसते. घरात त्याच्याइतकं मऊ दुसरं काही नव्हतं.

आबांनी तुकडा नाकाशी धरला. जरा वेळ तसाच धरून ठेवला.

"तेल," ते म्हणाले. "डोळ्यांना दिसणार नाही इतका पातळ थर बसलाय. पाण्याला तेवढा पुरतो."

शाल्मलीला रडू आलं. "माझ्यामुळे काकी..."

"रडायचं नंतर. तुझी आजी असती तर तिनेही याच फडक्याने पुसल्या असत्या, आणि वर मलाच बोलली असती, किती धूळ साचवता म्हणून." आबांनी बाही वर सारली. "पट्ट्यांवर रसायन नाही, ते झाकणांवर आहे, आणि झाकणं डबीत बंद आहेत. पट्टी धुता येईल. लेप पक्का आहे, तो साबणाने निघत नाही."

एक पट्टी साबणाने धुतली, विसळली, वाळवली. वर चाचणीचं कोरं झाकण बसवलं. आबांनी थेंब टेकवला. तो आत धावला. शाल्मली हसणार, तोच थेंब आडवा पट्टा न थांबता ओलांडून थेट खिडक्यांत जाऊन पोहोचला.

"आता थांबतच नाही!"

"का नाही थांबत? तू सांग."

शाल्मलीने आपल्या बुळबुळीत बोटांकडे पाहिलं. "साबण राहिलाय?"

"बरोबर. साबणाच्या कणाला दोन टोकं असतात. एक पाणी धरतं, दुसरं तेल धरतं. तो मध्ये पडला की पाणी जलविरोधी जागेवरही पसरतं. म्हणजे झडप कायमची उघडी. आधी तेल जास्त झालं, आता साबण."

मग वाफेचं गार केलेलं शुद्ध पाणी घेऊन त्यांनी साबणाने धुतलेली दुसरी पट्टी विसळली. सात वेळा. "आता तिरपी धर," आबा म्हणाले. काचेवर पाणी सलग पसरलं, कुठेही तुटलं नाही. फक्त आडव्या पट्ट्यापाशी ते दोन्ही बाजूंनी मागे सरलं. या वेळी थेंब आत धावला, आणि जिथे थांबायचा तिथे थांबला.

तशाच धुतलेल्या दोन पट्ट्या आणि झाकणांची डबी घेऊन ते काकींकडे गेले. सुगंधाताईंनी काकींच्या बोटाला सुई टोचली.

"एवढंसंच?" काकी पुटपुटल्या. त्यांचे ओठ सुकले होते. "आबा, माझ्या आमटीत मीठ कमी पडलं तर केवढं बोलता. रक्त मात्र थेंबभर चालतं तुम्हाला."

कोणी हसलं नाही. थेंब आत गेला, पट्ट्याशी थांबला. आबा घड्याळाकडे बघत होते. पाच मिनिटं झाल्यावर त्यांनी शाल्मलीकडे पाहून मान हलवली. तिने फुगा दाबला. रक्त पुढे सरकलं, दोन वाटांनी गेलं. वरची खिडकी पांढरीच राहिली. खालची आधी राखाडी झाली, मग निळी. दुसऱ्या पट्टीनेही तेच सांगितलं.

"दोनांतला दुसरा ताप," सुगंधाताई म्हणाल्या. त्यांचा हात औषधाच्या पेटीत गेला होता.

"किती वेळ लागला, आबा?" शाल्मलीने विचारलं.

"आठ मिनिटं." आबा भिंतीला टेकून खाली बसले. म्हणाले, "तुझ्या आजीच्या रक्ताची नळी मी स्वतः शहरात घेऊन गेलो होतो. लवकर उत्तर मिळेल म्हणून तिथेच बाकड्यावर बसून राहिलो. ती गेली तेव्हा मी त्या बाकड्यावर होतो."

शाल्मली त्यांच्या शेजारी बसली.

तिसऱ्या दिवशी काकींचा ताप उतरला. घाट उघडला तसे खोऱ्यातल्या सात गावांतून पट्ट्यांसाठी निरोप आले. पट्ट्यांबरोबर द्यायचा कागद शाल्मलीने लिहिला: पट्टी पुसू नये. बोट लावू नये. धुतल्यास शुद्ध पाण्याने सात वेळा विसळावी, पाणी सलग पसरतं का ते बघावं.

आबांनी कागद वाचला. पेन मागून घेतलं आणि खाली आपल्या अक्षरात लिहिलं:

"उत्तर यायला आठ मिनिटं लागतात. तेवढा वेळ रुग्णाचा हात धरून बसावं."