येते गं, आई

ज्याला हे खोटं वाटतं, त्याने दिवेलागणीला आमच्या धरणाच्या काठी एकटं बसून दाखवावं. मग बोलू.

मी शालूबाई. हे माझ्या थोरल्या जावेच्या, कस्तुराबाईच्या बाबतीत घडलं. सांगोवांगी नाही. मी शेजारी उभी होते.

साल १९४३. वैशाखातली संध्याकाळ. लोणावळ्याजवळचं आमचं धरण तळाला गेलेलं. ते पाणी डोंगराखाली जाऊन मुंबईच्या गिरण्यांना वीज देतं. आमच्या घरात मात्र चिमणीच! पाणी हटलं, की उघड्या गाळात आम्ही काकड्या लावायचो.

त्या वर्षी पाणी इतकं हटलं, की कस्तुराबाईचं बुडालेलं माहेर वर आलं.

धरण झालं तेव्हा ती लहान पोर होती. सारा गाव उठला, पण तिच्या आईने घर सोडलं नाही. पाणी चढत गेलं...

आई कुणालाच सापडली नाही.

त्या संध्याकाळी काकड्यांना पाणी घालून आम्ही निघालो. कस्तुराबाई माहेरच्या जोत्यापाशी थांबली. उंबऱ्याच्या दगडाला हळदकुंकू वाहिलं. डोळे पुसले. आणि निघताना म्हणाली,

"येते गं, आई."

सवय हो! घरातून निघताना आपण कधी 'जाते' म्हणतो का?

वारा पडला. टिटवी ओरडायची थांबली...

त्या बिनभिंतीच्या घरातून आवाज आला.

"ये. लवकर ये."

तिचं मनगट धरून मी पळत सुटले. काकड्यांची टोपली तिथंच राहिली.

दुसऱ्या दिवसापासून दिवे लागले, की कस्तुराबाई हातातलं काम टाकून धरणाकडे चालू लागायची. विचारलं, की म्हणायची, "आई वाट बघतीया." एकदा तर छातीभर पाण्यातून ओढून आणली. तिच्या पदरात लहान लेकरं! माझा जीव नुसता टांगणीला.

गावातल्या सरुमावशीने ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं बये, मेलेल्याला 'येते' म्हनत्यात व्हय? शबूद दिलास तू. आता परत जा, आन् 'जाते' म्हन."

"आईला 'जाते' म्हनू? माजी जीभ न्हाई वळायची, मावशी."

"मग पोरांकडं कोन बघंल?"

त्यावर ती उठली आणि धरणाकडे निघाली.

जोत्यापाशी ती उभी राहिली. मी मागून तिचं लुगडं घट्ट धरलेलं.

"आई... मी जाते."

काही नाही. पानसुद्धा हललं नाही...

मग अगदी कानाशी, मायेनं,

"बरं बाई. तुला लय तरास हुतो. मीच येते."

आषाढात धरण भरलं. दिवसभर कोसळून पाऊस उघडला होता. मी चिमणी लावत होते. तेवढ्यात दार वाजलं.

"कस्तुरे..."

आमचं घर टेकडीवर. धरण खाली, पार लांब. तरी दाराखालून गढूळ पाणी आत येत होतं.

कस्तुराबाई धावली. मी कडीला पाठ लावून उभी राहिले. थोरली जाऊ ती, पण माझे पाय धरले तिने.

"उघड गं, शालू. आई भिजली आसंल."

देवाशप्पथ, मी कडीवरची पाठ हलवली नाही. दार उघडलं नाही.

बाहेर कुणीतरी रडत राहिलं. आत ही रडत होती.

कस्तुराबाई जगली. लेकरं मोठी झाली, नांदती झाली. माझ्याशी मात्र ती त्या दिवसापासून एक शब्द बोललेली नाही.

आषाढ लागला, की दिवेलागणीला अजून दार वाजतं. ती माझ्याकडे बघते. मी कडी धरून बसते.