बोळात न मावलेली होडी

पोरांनो, जवळ सरकून बसा आणि मधेमधे हसू नका. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो सुतार आपल्या रोजच्या उठण्याबसण्यातला. थापा मारायच्या म्हटल्या तरी त्याला जमायच्या नाहीत, इतका सरळ माणूस.

तर गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. दिवस मावळायच्या सुमाराला हा सुतार करवत, पटाशी आणि हातोडा पिशवीत घालून बहिणीकडे निघाला. तिच्या परसात एक होडी उभी होती, ती दुसऱ्या दिवशी सकाळी तोडायची होती. आता तुम्ही म्हणाल, परसात होडी कशाला? आणि तीही अशा गावात, जिथून समुद्र गाठायचा तर गाडीला अख्खा दिवस लागतो. तेच तर सांगतोय.

बहिणीचा नवरा बस ड्रायव्हर. सगळा जन्म एकाच रस्त्यावर गेला त्याचा. सकाळी जायचं, शेवटच्या थांब्यावर गाडी वळवायची, आल्या वाटेनं परत यायचं. एकदा त्यानं पेपरात वाचलं, की कुणी एक बाई शिडाच्या होडीतून एकटी निघाली आणि पृथ्वीला वेढा घालून आपल्याच बंदराला परत लागली. झालं. त्या दिवसापासून गड्याच्या डोक्यात दुसरं काही शिरेना. मेहुण्याला म्हणायचा, "बघ ना, गाडी वळवायचीच नाही. नुसतं पुढं पुढं जायचं आणि घरी पोचायचं."

निवृत्त झाल्यावर त्यानं होडी बांधायलाच घेतली. लाकूडकाम अर्थातच मेहुण्याकडे. गल्लीनं त्याचं नाव कप्तान पाडलं. पोरं विचारायची, कप्तान, पुढच्या बंदराचं हाफ तिकीट मिळेल का? तो हसायचा, सुट्टे पैसे आणा म्हणायचा आणि खिळे ठोकत राहायचा.

हसत नव्हती ती एकटी ताई, त्याची बायको. मूलबाळ नाही, घरात माणसं दोनच. तिच्या मनानं घेतलं होतं, की एवढ्या पाण्यात एकटा गेलेला म्हातारा काही परत येत नाही. नवऱ्याशी भांडून झालं, रडून झालं, अबोला धरून झाला. मग एक दिवस तिनं भावाला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळूच सांगितलं, होडी वीतभर जास्त रुंद कर. परसातून रस्त्याला लागायला एकच बोळ होता. भावानं ऐकलं. मापं त्याच्याच हातात, आणि भाऊजींचा त्याच्यावर डोळे झाकून विश्वास.

होडी पुरी झाली त्या दिवशी ड्रायव्हरनं बोळात टेप धरला. पुन्हा एकदा धरला. मग टेप गुंडाळून खिशात घातला आणि आत जाऊन चहा मागितला. कुणाला एका शब्दानं बोलला नाही. फक्त त्या रात्रीपासून झोपायला होडीत जायला लागला, आणि दोन वर्षांनी तिथंच एका रात्री झोपेत गेला.

तेव्हापासून त्या बहीणभावांना एकच गोष्ट आतून खात होती. त्याला कळलं होतं का? आता विचारायचं तरी कुणाला? ताईला खिडकीतून ती होडी बघवेना, म्हणून तिनंच ती तोडायला सांगितली होती.

त्या रात्री जेवणं झाली. घर इतकं सुनं झालेलं, की सुताराला तिथं अंग टाकवेना. म्हणाला, भाऊजींचं सामान आवरतो आणि होडीतच पडतो, म्हणजे उजाडल्याबरोबर कामाला लागता येईल. शिडीनं वर चढून आतल्या छोट्या खोलीत गेला. एक अरुंद बाक, एक उशी, एक कप. त्या एका कपाकडे बघून त्याला भडभडून आलं. बायको हाकेच्या अंतरावर असताना हा माणूस दोन वर्षं इथं एकटा झोपला, आणि तेही आपल्यामुळं.

साडेबाराच्या सुमाराला त्याला जाग आली. बाक एका अंगाला कलला होता.

त्याला वाटलं, खालचा टेकू सरकला. उठायला गेला, तर होडी दुसऱ्या अंगाला कलली. सावकाश. मग परत. लाकूड कुरकुरत होतं. आणि लाकडाच्या पलीकडून, अगदी कानाशी, पाणी वाहत होतं...

मोबाईल चाचपला. हाताला लागेना.

दार उघडं होतं. झोपताना त्यानं लावून घेतलेलं. दारातून होडीची मागची बाजू दिसत होती. तिथं सुकाणूपाशी कुणीतरी बसलं होतं. पाठमोरं. खांदे ओळखीचे.

सुतार बाकाला धरून बसला. इतके दिवस जे आत साठलेलं होतं, तेच बाहेर पडलं.

"भाऊजी... मी मुद्दाम केली. रुंद."



नुसतं पाणी...

मग मान न वळवता, रोजच्या आवाजात,

"माहीत आहे."

होडी कलत होती. सुतार रडत होता.

"आता उतर. मला एकट्यानं जायचंय."

शिडीवरून उतरला का उडी मारली, ते त्याला आजही सांगता येत नाही. पाय जमिनीला लागले. जमीन कोरडी ठाक. मागं वळून बघायची छाती झाली नाही. घराचं दार ठोठावलं तर ताईनं ते लगेच उघडलं, म्हणजे तीही जागीच होती. धापा टाकत त्यानं सगळं सांगितलं. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "परत कधी येणार, काही म्हणाले?"



उजाडल्यावर दोघं परसात गेली. होडी जागच्या जागी. टेकू जागच्या जागी, एक पाचरसुद्धा हललेली नाही. सुताराच्या जिवात जीव आला. स्वप्न पडलं असेल, असं तो म्हणणार, तेवढ्यात ताई खाली वाकली.

होडीचा तळ काल संध्याकाळपर्यंत कोरा, गुळगुळीत होता. तो आता पांढरा दिसत होता. शिंपल्यासारखी बारीक, धारदार कवचं... या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकाला एक खेटून. सुतार होडीचा आकार बघायला बंदरावर गेला होता, तेव्हा लांबच्या सफरीवरून आलेल्या होड्यांना त्यानं हे बघितलं होतं. एवढा थर धरायला महिनोन्महिने खाऱ्या पाण्यात राहावं लागतं, असं तिथल्या माणसानं सांगितलेलं.

ताई तिथंच मातीत बसली. नवरा गेल्या दिवशीसुद्धा ती रडली नव्हती, ती आता रडायला लागली.

"आले," एवढंच म्हणाली.

मग तिनं हात पुढं केला, आणि एका कवचाला बोट लावलं.

ओलं होतं... बोट लागताच ते मिटलं.