बांधलेली जीभ

पहिली पाळी सुटली तसा अंगद शेंद्र्याच्या कंपनीतून निघाला, तो खोलीवर न जाता मागच्या वस्तीवर गेला. वारलेल्या कडुबा मेंढपाळाचा मोरचंग घरात नुसता पडून आहे, असं सोबतच्या धम्मपालनं सांगितलं होतं.

अंगदची शाळा नववीतच सुटलेली. चार शब्द बोलायचे तर दोनदा अडखळे, कानशिलं तापत. पण मोरचंगाचं लोखंड दातांवर धरून त्याची मधली लवचीक पट्टी, म्हणजे जीभ, बोटानं छेडली, की तोंडाच्या पोकळीत नाद घुमे आणि गाल हलवील तसे त्यातून बोल उमटत. मग डब्याच्या सुट्टीत सगळे भोवती बसत. “वाजव की, मुक्या,” म्हणत. त्याला कुणी बोलवायचं, ते तेवढंच. गारखेड्याच्या खोलीत फळीवर किंगरी, तुणतुणं, दोन पावे होते. घरातली माणसं म्हणजे तीच.

कडुबाची बायको, म्हातारी भागूबाई, ओसरीवर होती. तिनं पोत्यातून मोरचंग काढला. त्याच्या जिभेवर काळी लोकर घट्ट गुंडाळलेली. वाजवणारा गेला की त्याच्याच मेंढीच्या लोकरीनं जीभ बांधायची, ही त्यांच्या घरातली रीत. कडुबा महिना महिना रानात एकटा असायचा. घराकडं आला की टेकडीवरून मोरचंगातच तिला हाक मारायचा, आणि ही खालून ओ द्यायची.

“मला आता जवळ ठेववत नाय रं लेकरा,” ती म्हणाली. “भिंतीला टांग. पर लोकर सोडू नको.”

“सो... सोडली तर?”

“हाक मारंल. ओ नको देऊ, म्हंजी झालं.”

अंगदनं मान हलवली. पण घरी आणलेलं वाद्य तेलानं पुसून एकदा तरी वाजवल्याशिवाय त्याला फळीवर ठेववत नसे. आवाज ठाऊक नसला तर ते परकं वाटे. दिवेलागणीला त्यानं ब्लेडच्या पात्यानं लोकर कापली. खोलीत ओल्या मेंढरांचा वास पसरला. लोखंड दातांना लागलं, ते कोमट होतं. दोन-चार वेळा छेडून त्यानं मोरचंग फळीवर ठेवला आणि चहाचं आधण चढवलं.

पाठीमागं नाद उठला.

तोंडाबाहेर मोरचंग छेडला तर नुसता टिक-टिक वाजतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हा नाद भरलेला होता. फळीवरच्या त्या लोखंडाभोवती कुणाचं तरी तोंड होतं. गाल आत जात होते, फुगत होते. हळूहळू बोल उमटले.

“कुणी... हाय का...”

अंगदनं दात आवळले. भागूबाईचं बोलणं आठवत तो भिंतीला टेकून उभा राहिला. शेजारी कुकरची शिट्टी झाली, मग सगळं शांत.

“कुणी हाय का... लई एकलं वाटतंय...”

चार वर्षांत या खोलीत कुणी कुणाला काही विचारलं नव्हतं. अंगदच्या तोंडून निघूनच गेलं, आणि तेही न अडखळता.

“हाय. मी हाय.”

नाद थांबला. चहा उतू गेला होता.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत धम्मपाल म्हणाला, “चल मुक्या, होऊ दे.” अंगदनं स्वतःचा जुना मोरचंग काढला, दातांवर धरला, छेडला.

टिक.

त्यानं ओठ ओले केले. पुन्हा धरला. टिक... टिक...

“अरे, आधी तोंडाला तर लाव,” धम्मपाल हसला.

मोरचंग दातांवरच होता.

हळूहळू सगळे उठून गेले. संध्याकाळी अंगद खोलीचा जिना चढला. दाराला सकाळी लावलेलं कुलूप तसंच होतं. आतून भरलेला, घुमणारा नाद येत होता. हाक कडुबाची होती. फक्त आज ती दोनदा अडखळली.

“भा... भा... भागू...”