कोरड्या आवाजात वाचायचे प्रश्न

रेकॉर्डिंगच्या खोलीचं दार उघडलं, तर आत एक लांबटांग्या मुलगा मजेत सफरचंद खात बसलेला.

“अहो, ही खोली आज माझी आहे.”

“माझीसुद्धा,” तो म्हणाला. “तुमचं जर्मन, माझं इटालियन. बाईंनी दोघांना एकच वेळ दिलीय... मुद्दाम!”

बाई म्हणजे आमच्या मार्गदर्शक. आम्ही दोघंही पीएचडीवाले, आणि एकाच विषयामागे हात धुऊन लागलेले – प्रश्नांत येणारे चिमुकले शब्द. आपल्या ‘बरं’, ‘ना’सारखे. ‘कुठे गेला?’ ही नुसती चौकशी. ‘कुठे बरं गेला?’ म्हटलं की विचारणाऱ्याचा जीव त्यात गुंतलेला दिसतो. माझा जर्मन ‘डेन’ वाक्याच्या मध्ये ठाण मांडतो, त्याचा इटालियन ‘माय’ ‘कुठे’सारख्या प्रश्नशब्दाला बिलगूनही बसतो. असं का, यावरून आम्ही रोज भांडायचो. भांडता भांडता ‘अहो’चं ‘अरे’-‘अगं’ झालं. त्याच्या डोळ्यांत बघून भांडायला मला फार आवडायचं, हे सांगूनच टाकते.

प्रयोगासाठी एकानं आपले प्रश्न वाचायचे, दुसऱ्यानं काचेपलीकडे बसून ते रेकॉर्ड करायचे. वाचायचा नियम एकच – आवाज कोरडा हवा. पुढे प्रयोगात ऐकणाऱ्यांनी वाक्य पारखायचं, वाचणाऱ्याला नाही. काचेपलीकडून मी त्याला दटावायची, “लाडात येऊ नकोस!”

शेवटच्या दिवशी बाईंनी सगळं ऐकलं. त्याचे प्रश्न पास. माझे बाद!

“समोर कोण बसलंय ते आवाजात कळतंय,” बाई म्हणाल्या. “खुर्ची भिंतीकडे फिरव आणि पुन्हा वाच.”

माझे कान तापले. सोमवारी तो वर्षभरासाठी दुसऱ्या विद्यापीठात जाणार होता, आणि मनातलं एक अक्षरही मी त्याला बोलले नव्हते.

बाई गेल्या. मी भिंतीकडे तोंड करून वाचलं.

“अजून तसंच येतंय गं,” हेडफोनमधून तो हळूच म्हणाला. “भिंत आवडते की काय तुला?”

मी खुर्ची गर्रकन फिरवली.

“भिंत नाही. तू आवडतोस. खुशाल जा, पण परत माझ्याकडेच यायचं. येशील?”

काचेपलीकडे सफरचंद हातातच राहिलं.

“परतीचं तिकीट मी आधीच काढलंय,” तो म्हणाला. “तुला सांगायचा धीर होत नव्हता...”

“आणि माझे बाद प्रश्न?”

“ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घे. हा शेवटचा मात्र मला पुन्हा ऐकव. रेकॉर्डिंग चालू आहे.”

मी माईकजवळ सरकले. आवाज कोरडा ठेवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

“येशील ना?”

उत्तर द्यायला तो दार उघडून आतच आला.